सातत्याचे सोवळे

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या बेसबॉलच्या वार्तांकनात एक खटला दरवर्षी नव्याने उभा राहतो. आरोपी बदलतो, आरोपपत्र मात्र तेच राहते. अमुक फलंदाज बेभरवशाचा आहे, आज चमकतो आणि पुढचे आठ दिवस झोपतो, अशा माणसाच्या जिवावर अजिंक्यपद मिळत नसते, हा त्या आरोपपत्राचा मथितार्थ. संघ हरला की निकाल लागलेलाच असतो. संघ जिंकला तर खटला गुपचूप काढून घेतला जातो आणि पुढल्या वर्षी दुसऱ्या कुणावर भरला जातो.

आमचे म्हणणे असे की हा खटला मुळातच चालण्याजोगा नाही. दोन फलंदाजांचे हंगामभराचे एकूण मोल सारखेच असेल, तर त्यांतला एक नियमित आहे आणि दुसरा लहरी आहे, एवढ्याने संघाच्या अजिंक्यपदाच्या शक्यतेत फारसा फरक पडत नाही. जो फरक पडल्यासारखा दिसतो तो बहुतांशी सामना संपल्यावर रचलेल्या कथेतून आलेला असतो. भाषा-साहित्य शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांनी या वादात पडावे याचे कारण हेच. बेसबॉलमध्ये आकड्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. दुष्काळ आहे तो एका शब्दाच्या निश्चित अर्थाचा.

मराठी वाचक या खेळाकडे क्रिकेटच्या चष्म्यातून पाहणार हे उघड आहे, आणि सातत्याविषयीची आपली श्रद्धाही बरीचशी तेथूनच आलेली आहे. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद झाला की त्या डावापुरता तो संपला. तिसऱ्या क्रमांकाचा माणूस शून्यावर परतला तर त्याने पुढे काढल्या असत्या त्या साऱ्या धावा त्याच्याबरोबर तंबूत परततात. बेसबॉलची घडण निराळी आहे. तेथे संघाला नऊ डाव आणि दर डावात तीन बळी, म्हणजे सामान्यतः २७ बळी मिळतात. नऊ फलंदाज ठरलेल्या क्रमाने फिरत राहतात. बाद झालेला माणूस थोड्या वेळाने पुन्हा मैदानात येतो, आणि सामन्यात असे चार-पाच वेळा घडते. त्याचे एक अपयश म्हणजे सत्तावीसांपैकी एक बळी, अधिक काही नाही.

शिवाय या खेळात अपयश हाच नियम आहे. बेसबॉलची सरासरी म्हणजे दर हजार संधींमागे यशस्वी फटके किती, याचे प्रमाण. हे प्रमाण ३०० असणारा फलंदाज नामांकित गणला जातो. म्हणजे दहांतल्या सात वेळा हात हलवीत परतणारा माणूस तेथे आदर्श ठरतो. अशा खेळात 'सातत्य' हा शब्द वापरताना जीभ जरा अडखळायला हवी. ती अडखळत नाही, कारण त्या एका शब्दाआड तीन वेगवेगळे आरोप दडवलेले आहेत. ते सुटे करून पाहू.

पहिला आरोप असा, की हा फलंदाज फार वेळा बाद होतो, आणि अधूनमधून प्रचंड फटका मारतो. हा माणूस लहरी म्हणून ओळखला जातो, पण वस्तुतः तो लहरी नसतो. त्याची शैलीच तशी असते आणि ती तो वर्षानुवर्षे इमानाने पाळतो. रेजी जॅक्सनने आपल्या कारकिर्दीत २,५९७ वेळा तीन स्ट्राइकमध्ये बाद होण्याचा विक्रम केला. त्याची कारकिर्दीची सरासरी २६२. आता दुसरी बाजू: ५६३ होमरन आणि अजिंक्यपद पटकावणाऱ्या पाच संघांत नाव. १९७७ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात त्याने तीन वेगवेगळ्या पिचरांना लागोपाठच्या तीन फटक्यांत तीन होमरन मारले आणि न्यूयॉर्क यांकीजने लॉस एंजेलिस डॉजर्सवर ८-४ असा विजय मिळवून मालिका संपवली. अमेरिकेने त्याला 'मिस्टर ऑक्टोबर' म्हटले. विक्रमी वेळा बाद होणाऱ्या माणसाला हा किताब मिळाला, याचा अर्थ त्याच्या टीकाकारांनी कधी नीट लावल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

जवळच्या काळातले उदाहरण हवे असेल तर फिलाडेल्फियाच्या काइल श्वार्बरचे घ्या. २०२३ साली त्याची सरासरी अवघी १९७ होती आणि तो २१५ वेळा तीन स्ट्राइकमध्ये बाद झाला. क्रिकेटच्या कुठल्याही निवड समितीने त्याला घरी बसवले असते. पण त्याच हंगामात त्याने ४७ होमरन मारले; आणि चार चेंडू टप्प्याबाहेर पडले की फटक्याविनाच जो पहिला बेस मिळतो तो इतक्या वेळा मिळवला, की एकंदर बेसवर पोचण्याचे त्याचे प्रमाण ३४३ झाले. त्या वर्षी साऱ्या लीगचे सरासरी प्रमाण ३२० होते. म्हणजे ज्याला बेभरवशाचा म्हणावे तो सामान्य फलंदाजापेक्षा अधिक वेळा बळी वाचवीत होता.

ऑक्टोबरमध्ये तर अशा फलंदाजाची किंमत वाढते, असे मानायला सबळ कारण आहे. तेव्हा समोर निवडक पिचर असतात. २५० सरासरीच्या तीन फलंदाजांनी ओळीने तीन यशस्वी फटके मारण्याची शक्यता चौसष्टात एक. होमरनला अशा साखळीची गरज नसते. उलट बाजूची उदाहरणे आहेत, ती आम्ही लपवणार नाही. २०१५ साली कॅन्सस सिटी रॉयल्स हा सर्वांत कमी स्ट्राइकआउट होणारा संघ होता आणि तो अजिंक्य ठरला. पण २०२० साली सर्वाधिक होमरन मारणारा डॉजर्स संघही अजिंक्य ठरलाच. दोन्ही वाटांनी शिखर गाठता येते, एवढेच यातून सिद्ध होते. आणि आरोप कोसळायला तेवढे पुरेसे आहे.

दुसरा आरोप खऱ्या अर्थाने लहरीपणाचा आहे. फलंदाज एक आठवडा तळपतो, दुसऱ्या आठवड्यात विझतो. येथे थोडे गणित अपरिहार्य आहे. ज्याची क्षमता वर्षभर तसूभरही बदलत नाही असा २७० सरासरीचा एक काल्पनिक फलंदाज घेऊ. त्याला आठवड्याला २० संधी मिळतात असे धरू. निव्वळ योगायोगाने त्याला २० पैकी दोन किंवा त्याहून कमी यशस्वी फटके मिळतील असा आठवडा साधारणपणे सोळा आठवड्यांत एकदा येतो. नऊ किंवा त्याहून अधिक फटक्यांचा आठवडाही जवळजवळ तितक्याच वेळा येतो. हंगाम सुमारे सव्वीस आठवड्यांचा. म्हणजे पूर्णतः स्थिर असलेल्या या माणसाच्या वाट्याला दरवर्षी एकदोन लाजिरवाणे आठवडे आणि एकदोन दैवी आठवडे येणारच. पहिल्यावर 'तो हरवला आहे' असा लेख लिहिला जातो, दुसऱ्यावर 'त्याला सूर गवसला' असा. दोन्ही लेखांत वर्णन असते ते नाणेफेकीचे.

खेळाडूंच्या हातात खरोखर काही काळ जादू उतरते का, यावर संशोधकांनी पुष्कळ खल केला आहे. १९८५ साली गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी बास्केटबॉलच्या आधारे ती समजूत हा भ्रम असल्याचे मांडले. २०१८ साली मिलर आणि सानहुर्हो यांनी त्या विश्लेषणातली एक सूक्ष्म सांख्यिकीय चूक दाखवली, आणि वाद पुन्हा खुला झाला. तेव्हा लहर नावाची चीज अजिबात नसते असे आम्ही म्हणत नाही. आमचा दावा मर्यादित आहे: असलीच तर ती एका आठवड्याच्या धावफलकावरून ओळखता येत नाही, आणि वर्ल्ड सिरीज म्हणजे जेमतेम तो एक आठवडा. सात सामन्यांत फलंदाजाला वीस-तीस संधी मिळतात. तेवढ्यावरून त्याचा स्वभाव सांगणे हे एका उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावरून विद्यार्थ्याचे आयुष्य सांगण्यासारखे आहे. हे काम किती सहज होते आणि किती वेळा फसते, हे आम्हा अध्यापकांना कोणी सांगायला नको.

तिसरा आरोप सर्वांत विषारी आहे, कारण तो चारित्र्यावर आहे. हा माणूस मोक्याच्या वेळी कच खातो, असे त्यात म्हटलेले असते. डेव्ह विनफिल्डला १९८१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये २२ संधींत एकच यशस्वी फटका मारता आला आणि यांकीज हरले. चार वर्षांनी, १९८५ साली, संघमालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी त्याला जाहीरपणे 'मिस्टर मे' ठरवले. जॅक्सन ऑक्टोबरचा, तर हा मे महिन्याचा. म्हणजे काही पणाला लागलेले नसते तेव्हाचा. पुढे १९९२ साली, वयाच्या ४१ व्या वर्षी, टोरांटोकडून खेळताना वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात अकराव्या डावात विनफिल्डने दोन धावा मिळवून देणारा फटका मारला. त्या फटक्यावर कॅनडातल्या संघाला पहिले अजिंक्यपद मिळाले. त्याचे चारित्र्य मधल्या अकरा वर्षांत पालटले, असे कोणाला म्हणायचे आहे काय?

ॲलेक्स रॉड्रिगेझची कथा याच साच्यातली. २००६ च्या प्राथमिक मालिकेत डेट्रॉइटविरुद्ध तो १४ संधींत एकदा यशस्वी झाला. चौथ्या सामन्यात व्यवस्थापक जो टोरी यांनी त्याला फलंदाजीच्या क्रमात आठव्या जागी ढकलले. यांकीज तो सामना ८-३ असा हरले आणि स्पर्धेबाहेर गेले. म्हणजे 'बेभरवशाचा' माणूस बाजूला सारूनही काही साधले नाही. २००९ च्या बाद फेऱ्यांत त्याच रॉड्रिगेझची सरासरी ३६५ होती, त्याने सहा होमरन मारले आणि यांकीज अजिंक्य ठरले. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणामुळे त्याच्या नावाला लागलेला डाग वेगळा आहे आणि तो आम्ही पुसत नाही. पण कच खाण्याचा आरोप त्या डागाने सिद्ध होत नाही.

याउलट टेड विल्यम्स पाहा. १९४१ साली ज्याने ४०६ ची सरासरी राखली, सातत्याचा ज्याच्याहून मोठा पुतळा बेसबॉलला उभारता येणार नाही, तो आयुष्यात एकच वर्ल्ड सिरीज खेळला. १९४६ सालच्या त्या मालिकेत २५ संधींत त्याचे पाच फटके यशस्वी झाले, सरासरी २००, आणि बॉस्टनचा संघ हरला. सातत्याचे सोवळे नेसलेला माणूसही ऑक्टोबरच्या पावसात भिजतोच.

डेव्हिड ऑर्टिझचे २०१३ साल तर या सर्व वादाचा उपसंहार शोभावे असे आहे. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत त्याला २२ संधींत दोनच यशस्वी फटके मारता आले. पण त्या दोहोंतला एक होता दुसऱ्या सामन्यातला, तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला होमरन. १-५ अशा पिछाडीवरचा बॉस्टन त्या एका फटक्याने बरोबरीत आला. लगेच पुढच्या वर्ल्ड सिरीजमध्ये ऑर्टिझने १६ संधींत ११ यशस्वी फटके मारले, सरासरी ६८८. बॉस्टन अजिंक्य. एकाच महिन्यात, एकाच माणसाच्या ठायी ९१ आणि ६८८! त्याला बेभरवशाचा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. मग असे बेभरवशाचे लोक प्रत्येक संघाला लाभोत.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत समर्थ मुद्दा. तो असा: धावा एका सामन्यात ढिगाने आणि दुसऱ्यात शून्य अशा आल्या तर ढिगातल्या बऱ्याच धावा वाया जातात. पाच धावांत जिंकता येणाऱ्या सामन्यात बारावी धाव निरुपयोगी. १९६० ची वर्ल्ड सिरीज याचे अभिजात उदाहरण मानली जाते. यांकीजने पिट्सबर्ग पायरेट्सविरुद्ध सात सामन्यांत ५५ धावा केल्या. पायरेट्सच्या धावा अवघ्या २७. यांकीजने तीन सामने जिंकले ते १६-३, १०-० आणि १२-० असे. म्हणजे ३८ धावा तीन सामन्यांत खर्ची पडल्या. उरलेल्या चारांत त्यांना १७ धावा मिळाल्या आणि चारही सामने हरले. शेवटचा १०-९ असा, बिल मॅझरॉस्कीच्या नवव्या डावातल्या होमरनवर.

हा मुद्दा गणिती दृष्ट्या खरा आहे. आमची हरकत पुढच्या उडीला आहे. संघाच्या धावा असमान वाटल्या गेल्या, म्हणून फलंदाज बेभरवशाचे होते, हा निष्कर्ष कोठून आला? त्या मालिकेत मिकी मॅन्टलची सरासरी ४०० होती. बॉबी रिचर्डसनने १२ धावा मिळवून दिल्या आणि हरलेल्या संघात असूनही तो मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. असा मान मिळालेला तो एकमेव. दोष शोधायचाच असेल तर व्यवस्थापक केसी स्टेंगल यांच्याकडे बघावे. त्यांनी व्हायटी फोर्डला पहिल्या सामन्यात उतरवले नाही. दोन सामन्यांत एकही धाव न देणारा हा पिचर त्यामुळे तिसऱ्यांदा वापरता आला नाही. आठव्या डावात जमिनीवरून अवचित उसळून टोनी कुबेकच्या गळ्यावर आदळलेला चेंडूही विसरता येत नाही. 'बेभरवशाचा फलंदाज' या कथेत कोठेच सापडत नाही.

२०२५ सालाने तर हीच गोष्ट पुन्हा घडवून दाखवली. टोरांटो हा त्या हंगामात सर्वांत कमी प्रमाणात स्ट्राइकआउट होणारा संघ होता. म्हणजे बॅटीला चेंडू हमखास लावणाऱ्या, रूढ अर्थाने भरवशाच्या फलंदाजांचा संघ. वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने डॉजर्सच्या २६ धावांविरुद्ध ३४ धावा केल्या, आणि तरी मालिका ४-३ अशी गमावली. चौतीसांपैकी ११ धावा एकट्या पहिल्या सामन्यात आल्या होत्या. फलंदाजांच्या सातत्यातून संघाच्या धावांचे सातत्य निपजते, ही समजूत येथे उघडी पडते.

ती तशी निपजत नाही याचे कारण सोपे आहे. नऊ जणांचे चढउतार एकाच वेळी येत नाहीत. एकाचा पडता आठवडा दुसऱ्याच्या चढत्या आठवड्यात बुजून जातो. दुसरे असे, की बेसबॉलमध्ये धाव ही फटके एकवटल्याने होते. नऊ डावांत प्रत्येकी एक साधा फटका बसला तर बहुधा एकही धाव होणार नाही. तेच नऊ फटके दोन-तीन डावांत एकवटले तर धावांची रास पडते. हा खेळच मुळी गर्दीला बक्षीस देणारा आहे. आणि शेवटचे: चढउतार सबळ संघाला थोडे नडतात, दुर्बळ संघाला मात्र उपकारक ठरतात. जो रोजच्या चालीने हरणारच आहे त्याला अधूनमधून उसळी मारणारा गडीच तारतो. मग 'अजिंक्यपदाला घातक' हे सरसकट विधान कोणत्या संघाविषयी आहे, हे तरी टीकाकारांनी सांगावे.

ॲरन जजच्या दोन ऑक्टोबरांकडे पाहून हे पडताळता येते. २०२४ च्या बाद फेऱ्यांत त्याची सरासरी १८४ होती. यांकीज वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले. २०२५ मध्ये त्याची सरासरी ५०० होती. यांकीज टोरांटोकडून दुसऱ्याच मालिकेत बाद झाले. नऊ फलंदाज आणि अनेक पिचर यांच्या खेळात एका माणसाची लहर किती थोडे ठरवते, याचा याहून स्पष्ट दाखला आम्हाला ठाऊक नाही.

एक सवलत आम्ही देऊ. फलंदाजाला विशिष्ट चेंडू खेळताच येत नसेल, आणि ऑक्टोबरमधले तयारीचे संघ नेमका तोच चेंडू टाकत असतील, तर संघाचे नुकसान होते. कोणी दुखापत लपवून खेळत असेल तरीही होते. पण पहिल्याचे नाव उणीव, दुसऱ्याचे नाव इजा. त्यांवर उपाय असतो: सराव, विश्रांती, बदली. 'असातत्य' या नावावर उपाय नसतो. तेथे फक्त शिक्षा असते. शब्दाची निवड येथे निरुपद्रवी राहत नाही ती याचसाठी.

साहित्याच्या वाचकाला ही यंत्रणा ओळखीची वाटावी. ३ जून १८८८ रोजी 'सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर' या पत्रात अर्नेस्ट थेअर यांची 'केसी ॲट द बॅट' ही कविता प्रसिद्ध झाली आणि मडव्हिल गावचा केसी हा अपयशी महानायक अमेरिकेच्या स्मृतीत कायमचा बसला. कविता विनोदी आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही. पण तिच्यातला धावफलक कितीजण वाचतात? केसी मैदानात येण्यापूर्वीच संघ ४-२ असा मागे आहे. त्याच डावात कूनी आणि बॅरोज हे दोघे आधीच बाद झाले आहेत. त्यांची नावे कोणाला आठवत नाहीत. पराभव नऊ जणांचा असतो. कथेला मात्र एकच चेहरा लागतो, आणि तो शेवटी बाद होणाऱ्याचा असतो. आमच्या स्तंभलेखकांनी कवितेची ही सोय वार्तांकनात आणली आणि तिला विश्लेषण म्हटले.

या कथेची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. म्हणून ब्रुकलिनचा एक प्रसंग नोंदवतो. १९५२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सच्या गिल हॉजेसला २१ संधींत एकही यशस्वी फटका मारता आला नाही आणि सातव्या सामन्यात संघ हरला. पुढच्या वसंतातही त्याचा पडता काळ सरेना, तेव्हा तेथील एका धर्मगुरूंनी उकाड्यामुळे प्रवचन आटोपते घेतले आणि भाविकांना हॉजेससाठी प्रार्थना करायला सांगितले. गावाने त्याला हिणवले नाही. १९५३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याची सरासरी ३६४ झाली, तरी डॉजर्स पुन्हा हरले. १९५५ च्या सातव्या सामन्यात डॉजर्सने २-० असा विजय मिळवून ब्रुकलिनला त्याचे एकमेव अजिंक्यपद दिले. त्या दोन्ही धावा हॉजेसने मिळवून दिल्या होत्या. शून्य होता तेव्हा संघ हरला, ३६४ होता तेव्हाही हरला, आणि जिंकला तेव्हा तोच शून्यवाला माणूस मैदानात होता, कारण त्याला कोणी काढून टाकले नव्हते.

ब्रुकलिनकरांनी सांख्यिकी शिकली नव्हती. तरी त्यांना जे कळले ते आजच्या विद्वान समालोचकांना कळू नये, याचे आम्हाला नवल वाटते. आमची मागणी साधी आहे. यापुढे ज्याला कोणाला एखाद्या फलंदाजावर 'बेभरवशाचा' असा शिक्का मारायचा असेल त्याने आधी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: त्याचे वर्षभराचे एकूण मोल किती, तो लहरी आहे हे किती संधींवरून ठरवले, आणि त्याच्या जागी उतरणारा सातत्यवान गडी त्याच मोलाचा आहे काय. उत्तरे असतील तर वाद घालू. नसतील तर शिक्का खिशात ठेवावा.